सल्ला सदर : जुन्या इंजिनाला कोणते ऑइल?

पत्र : वडिलांनी १९९१ साली नवी घेतलेली पेट्रोल मोटार आता माझ्याकडे आली आहे. इंजिन कार्ब्युरेटरचे असून गाडी आजवर १,८४,००० किलोमीटर चालली आहे. गेली तीन वर्षे ती बहुतेक उभीच होती. आता आठवड्यातून एकदा-दोनदा बाहेर काढतो. मॅन्युअलमध्ये २०डब्ल्यू-५० ग्रेडचे, एपीआय या अमेरिकन संस्थेच्या एसएफ दर्जाचे ऑइल सांगितले आहे. हजार किलोमीटरला अंदाजे पाऊण लिटर ऑइल कमी होते, उभ्या गाडीखाली दोन-चार थेंब पडतात आणि इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलिंगला ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो. मेकॅनिक म्हणतो, इंजिन थकले आहे, याहून दाट ऑइल टाका. एक मित्र म्हणतो, आजचे ५डब्ल्यू-३० फुल सिंथेटिक कुठल्याही जुन्या ऑइलपेक्षा सरस आहे, तेच टाका आणि सोबत झिंकची बाटली ओता. मी कोणाचे ऐकू? घरात एक जुनी मोटारसायकलही आहे. डब्यात उरलेले ऑइल तिला चालेल का?

उत्तर : दोघांचेही पूर्णपणे ऐकू नका. तुमच्या गाडीला मॅन्युअलमध्ये सांगितलेले २०डब्ल्यू-५० हेच ऑइल योग्य आहे. फक्त त्यावर एसएफऐवजी आज मिळणाऱ्या एखाद्या वरच्या दर्जाची खूण असावी. ते साधे मिनरल (खनिज तेलापासूनचे) असले तरी चालेल. मात्र नवे ऑइल ओतण्याआधी एक तपासणी करून घ्यायला हवी, कारण तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकली ती लाल दिव्याची गोष्ट.

हा दिवा ज्या स्विचवर चालतो तो बहुतेक गाड्यांमध्ये दाब ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेल्यावरच दिवा लावतो. म्हणजे दाब ‘थोडा कमी’ झाला तर दिवा लागत नाही, जवळजवळ संपत आला की लागतो. त्यामुळे लुकलुकणारा दिवा दिसल्यावर पहिले काम एकच : गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून डिपस्टिक पाहणे. बहुतेक मोटारींमध्ये डिपस्टिकवरच्या खालच्या आणि वरच्या खुणांमध्ये सुमारे एक लिटरचे अंतर असते. हजार किलोमीटरला पाऊण लिटर जात असेल, तर एका सर्व्हिसिंगपासून दुसऱ्या सर्व्हिसिंगपर्यंत डिपस्टिक न पाहणाऱ्या माणसाचे इंजिन मध्ये कधीतरी अर्ध्या ऑइलवर धावत असते, आणि अशा इंजिनाचे नुकसान चुकीच्या ग्रेडने होणाऱ्या नुकसानापेक्षा कितीतरी मोठे असते.

पातळी ठीक असूनही दिवा लुकलुकत असेल, तर मेकॅनिककडून तो स्विच काढून त्याच्या जागी साधे दाब मोजण्याचे गेज लावून घ्या, इंजिन पूर्ण गरम होऊ द्या आणि आयडलिंगला तसेच वाढवलेल्या गतीला किती दाब दिसतो ते मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहा. कित्येकदा दोष स्विचचाच निघतो आणि इंजिन निर्दोष असते. तसे नसेल तर संपमधली (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातली) जाळी गाळाने तुंबलेली असू शकते, पंप झिजलेला असू शकतो किंवा क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमधली फट वाढलेली असू शकते. कार्ब्युरेटरच्या इंजिनात आणखी एक शक्यता असते, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. इंजिनावर बसवलेल्या यांत्रिक पेट्रोल पंपाचा पडदा जुना होऊन फाटला, तर पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरते. कार्ब्युरेटरची सुई नीट बसत नसेल तर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली झिरपते. दोन्ही प्रकारांत ऑइल पातळ होते आणि दाब पडतो. डिपस्टिकचा वास घेऊन पाहा. पेट्रोलचा वास स्पष्ट येत असेल, किंवा पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसत असेल, तर आधी पंप आणि कार्ब्युरेटर दुरुस्त करा, मगच ऑइल बदला. तसे न करता कितीही उत्तम ऑइल भरले तरी तेही लवकरच पातळ होईल.

आता तुमच्या मेकॅनिकचा सल्ला. दाट ऑइल टाकल्यावर दिवा बहुधा विझेल, हे त्याचे म्हणणे खरे आहे. पण का विझेल ते समजून घेतले पाहिजे. पंप प्रत्येक फेऱ्याला जवळजवळ ठरलेल्या आकारमानाचे ऑइल पुढे ढकलतो. त्या ऑइलला बेअरिंगच्या अरुंद फटींतून वाट काढताना जो अडथळा होतो, त्यातून दाब तयार होतो. फट रुंदावली की अडथळा घटतो आणि दाब उतरतो. ऑइल दाट केले की अडथळा वाढतो आणि दाब चढतो. या सगळ्यात बेअरिंगची झीज आहे तिथेच राहते, फक्त तिची सूचना देणारा दिवा गप्प होतो. शिवाय गार इंजिनात फार दाट ऑइलचा दाब इतका वाढतो की पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडून काही ऑइल परत संपमध्ये सोडतो. फिल्टरमधला बायपास व्हॉल्व्हही उघडून न गाळलेले ऑइल पुढे जाऊ शकते. वरच्या भागातल्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत ऑइल उशिरा पोहोचते, आणि तुमच्यासारखी दिवसचे दिवस उभी राहणारी गाडी सुरू करताना हीच वेळ झिजेची असते. म्हणून २०डब्ल्यू-५० च्या पुढे २०डब्ल्यू-६० कडे जाण्याचा विचार मी शेवटी ठेवीन. गेजवर मोजलेला दाब थोडाच कमी असेल, बेअरिंगचा आवाज नसेल आणि इंजिन उघडण्याचे काम काही काळ पुढे ढकलायचे असेल, तरच. तो निर्णय मोजमापानंतर आणि कारण माहीत असताना घेतलेला असावा.

मित्राच्या सल्ल्यात एक नेहमीचा गैरसमज दडलेला आहे. ‘५डब्ल्यू’ म्हटले की गार असताना ऑइल पाण्यासारखे पातळ आणि गरम झाल्यावर दाट, अशी कल्पना बरेच जण करून घेतात. वस्तुतः कुठलेही इंजिन ऑइल तापले की पातळच होते. मल्टिग्रेड, म्हणजे दोन आकड्यांचे, ऑइल फक्त कमी प्रमाणात पातळ होते. डब्ल्यूच्या आधीचा आकडा कडक थंडीत इंजिन फिरवताना ऑइल किती आडवे येते ते सांगतो : एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकानुसार २०डब्ल्यूची ही चाचणी उणे १५ अंश सेल्सियसला होते, १०डब्ल्यूची उणे २५ अंशांना आणि ५डब्ल्यूची उणे ३० अंशांना. दुसरा आकडा १०० अंश सेल्सियसला, म्हणजे इंजिन पूर्ण गरम असताना, ऑइल किती दाट राहते ते दाखवतो. तिथे ३० ग्रेडची श्यानता, म्हणजे दाटपणा, ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (श्यानतेचे एकक), ४० ची १२.५ ते १६.३ आणि ५० ची १६.३ ते २१.९ या दरम्यान असावी लागते. यावरून लक्षात येईल की मॅन्युअलमध्ये ५० असताना ३० ग्रेडवर उतरणे म्हणजे गरम इंजिनातली श्यानता जवळजवळ निम्म्यावर आणणे. ज्या इंजिनाचा दिवा ५० ग्रेडवर लुकलुकतो, त्यात ३० ग्रेड भरल्यास तो आयडलिंगला सतत पेटलेला दिसला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

नव्या इंजिनांना ३० किंवा २० ग्रेड चालते, कारण त्यांच्या फटी, पंप, बेअरिंगची रुंदी आणि पृष्ठभागांची घडण त्या ऑइलसाठी आखलेली असते. शिवाय पातळ ऑइलने इंधन थोडे वाचते, हाही त्यामागचा मोठा हेतू असतो. तुमचे इंजिन तसे आखलेले नाही. त्यामुळे नियम साधा ठेवा : दुसरा आकडा मॅन्युअलपेक्षा खाली नेऊ नका. पहिला आकडा मात्र खाली नेण्यास हरकत नसते. २०डब्ल्यू-५० ऐवजी १५डब्ल्यू-५० किंवा १०डब्ल्यू-५० घेतल्यास गरम इंजिनाला तोच आधार मिळतो आणि गार इंजिनात ऑइल लवकर वर चढते. तुमच्याकडे कडक थंडी पडत असेल तर मी २०डब्ल्यूपेक्षा १५डब्ल्यू किंवा १०डब्ल्यूच निवडीन. एवढेच लक्षात ठेवा की मिनरल ऑइलमध्ये दोन आकड्यांतले अंतर जितके मोठे, तितकी त्यात श्यानता टिकवणाऱ्या पॉलिमरची भर जास्त. हे लांब रेणू इंजिनात तुटत जातात आणि ऑइल हळूहळू आपल्या ग्रेडपेक्षा पातळ होते. सिंथेटिक बेसमध्ये ही गरज कमी असते.

सिंथेटिकविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत असे की जुन्या इंजिनात सिंथेटिक टाकले की ते गळायला लागते. सुरुवातीच्या काही सिंथेटिक ऑइलमुळे रबरी सील किंचित आकसत असत, त्यामुळे ही भीती निराधार नव्हती; पुढे त्यांत सील फुगते ठेवणारे घटक मिसळले जाऊ लागले आणि आजच्या चांगल्या ऑइलबाबत ती भीती बाळगण्याचे कारण नाही. तरीही गळती सुरू झाल्याचे अनुभव खोटे नसतात. वर्षानुवर्षे साचलेल्या गाळाने एखाद्या कडक झालेल्या सीलची फट बुजवलेली असते. नवे, जास्त स्वच्छता करणारे ऑइल तो गाळ सोडवते आणि आधीपासूनची फट उघडी पडते. दुसरे टोक तुमच्या मित्राचे, म्हणजे सिंथेटिक हे सर्वांवरचे उत्तर. उष्णता सहन करणे, गारठ्यात वाहणे, लवकर न बिघडणे या बाबतींत सिंथेटिक सरस आहे, यात वाद नाही. पण जी गाडी हजार किलोमीटरला पाऊण लिटर जाळते किंवा गाळते आणि जिचे ऑइल सुरुवातीला लवकर लवकर बदलायचे आहे, तिच्यात त्या गुणांचा उपयोग होण्याआधीच ऑइल बाहेर गेलेले असेल. म्हणून तूर्त मिनरल किंवा सेमी-सिंथेटिक घ्या. खप आटोक्यात आल्यावर १५डब्ल्यू-५० सिंथेटिक जरूर वापरा.

जास्त किलोमीटर झालेल्या गाड्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ऑइलबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण दुकानात ते तुमच्यासमोर येईलच. त्यांत कडक झालेले रबर थोडे मऊ करणारे आणि किंचित फुगवणारे घटक अधिक असतात. दोन-चार थेंबांच्या गळतीवर काही आठवड्यांनी फरक दिसू शकतो. फाटलेले सील किंवा वाकलेले गॅस्केट मात्र त्याने जुळत नाही. घेणार असाल तर ग्रेड आधी पाहा. या वर्गातली बरीच ऑइल ३० किंवा ४० ग्रेडची असतात, आणि ‘जुन्या गाड्यांसाठी’ हे शब्द वाचून ग्रेड खाली नेण्यात अर्थ नाही.

आता दर्जाच्या अक्षरांकडे वळतो. पेट्रोल इंजिनांसाठी एपीआयची श्रेणी ‘एस’ने सुरू होते आणि पुढचे अक्षर जितके पुढचे, तितका दर्जा नवा. एसएफ हा १९८०च्या दशकातला दर्जा. एसएल २००१ चा, एसएम २००४ चा, एसएन २०१० चा आणि एसपी २०२० चा. एसए ते एसएच हे सर्व दर्जे एपीआयने कालबाह्य ठरवले आहेत, तेव्हा मॅन्युअलमध्ये लिहिले म्हणून एसएफ शोधत हिंडू नका. गाळ न साचू देणे, उष्णतेत न बिघडणे या बाबतींत आजचे ऑइल त्या काळच्या ऑइलच्या फार पुढे आहे. एसए या सर्वांत जुन्या दर्जाच्या ऑइलमध्ये तर संरक्षक रसायने नसतातच. स्वस्त म्हणून तसले काही समोर आले तर तुमच्या इंजिनात ते कदापि घालू नका.

या प्रगतीला एक अपवाद आहे, आणि मित्राची झिंकची बाटली तिथूनच आलेली दिसते. झिंक आणि फॉस्फरस असलेले झेडडीडीपी नावाचे संयुग धातूवर धातू घासू लागला की पृष्ठभागावर संरक्षक थर तयार करते. सपाट तळाचे टॅपेट (कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणारे भाग) जिथे कॅमशाफ्टच्या उंचवट्यावर थेट घासत जातात, तिथे या थराची गरज सर्वांत जास्त असते. रोलर असलेल्या नव्या रचनांत ती बरीच कमी होते. मात्र जळलेल्या ऑइलबरोबर बाहेर पडणारा फॉस्फरस, धुरातले प्रदूषण कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला निकामी करत जातो, म्हणून नव्या दर्जांमध्ये त्याच्यावर मर्यादा आली. एसएमपासून ही मर्यादा ०.०८ टक्के आहे. अनेकांच्या नजरेतून निसटणारी गोष्ट अशी की ही वरची मर्यादा ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० यांसारख्या पातळ ग्रेडना लागू होते. २०डब्ल्यू-५० किंवा १५डब्ल्यू-४० ला ती बंधनकारक नाही. म्हणजे मित्र सुचवतो त्या ५डब्ल्यू-३० मध्येच झिंक कमी असण्याची शक्यता अधिक, आणि मग ती उणीव भरून काढायला बाटली! योग्य ग्रेड घेतली तर बाटलीचा प्रश्न बहुतेक वेळा उरतच नाही. खात्री करायची असेल तर ऑइलचे तांत्रिक माहितीपत्रक पाहा. त्यात फॉस्फरस ०.१० ते ०.१२ टक्के असेल तर मूळ स्थितीतल्या, सौम्य व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या इंजिनाला तेवढे पुष्कळ आहे. वरून अंदाजाने ओतलेले रसायन ऑइलमधल्या बाकीच्या घटकांचा समतोल बिघडवू शकते आणि झिंक प्रमाणाबाहेर गेल्यास उलट अपायही होऊ शकतो. कॅमशाफ्ट नुकताच बदललेला असेल तर सुरुवातीच्या काही तासांसाठी गोष्ट वेगळी. तेव्हा कॅम बनवणाऱ्याच्या सूचना पाळाव्यात. तुमच्या गाडीला नंतर कोणी कन्व्हर्टर बसवलेला असेल, तर मात्र फॉस्फरसच्या बाबतीत हात आखडता ठेवा.

काही गॅरेजांत जुन्या पेट्रोल गाड्यांनाही डिझेलचे १५डब्ल्यू-४० ऑइल भरण्याची पद्धत असते. डब्यावर डिझेलच्या ‘सी’ श्रेणीबरोबर ‘एस’ श्रेणीचा दर्जाही छापलेला असेल तर त्यात गैर काही नाही. फक्त तुमच्या बाबतीत ते ४० ग्रेडचे आहे, एवढे ध्यानात घ्या.

ऑइल कमी होण्याचे कारण शोधायला धूर मदत करतो. बराच वेळ उभी राहिलेली गाडी सुरू करताच निळा धूर निघून थोड्या वेळात थांबत असेल तर व्हॉल्व्ह स्टेम सील कडक झाली असावीत. अॅक्सिलरेटर दाबल्यावर सतत निळा धूर येत असेल तर पिस्टन रिंगांकडे संशय जातो, आणि उतारावर अॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना येत असेल तर व्हॉल्व्ह गाइडकडे. व्हॉल्व्ह सील बदलणे हे तुलनेने हलके काम आहे. अनेक इंजिनांत हेड न उतरवताही ते होते. काही उत्पादक हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंतचा खप मर्यादेत धरतात, त्यामुळे तुमचा आकडा घाबरण्यासारखा नाही. पण दर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पेट्रोल भरताना डिपस्टिक पाहण्याची सवय लावून घ्या. टॉप-अपसाठी तेच ऑइल मिळाले नाही तर त्याच ग्रेडचे दुसऱ्या कंपनीचे चालते. एपीआय दर्जाची ऑइल एकमेकांत मिसळण्याजोगी असावी लागतात. पातळी कमी असताना ‘आपले’ ऑइल मिळेपर्यंत थांबणे हाच खरा धोका.

तीन वर्षे उभ्या राहिलेल्या इंजिनाबाबत माझा आग्रह असा की फ्लशिंगच्या फंदात पडू नका. फ्लशिंगचे द्रव गाळ एकदम सोडवते, आणि तो गाळ संपमधल्या जाळीवर जाऊन बसला तर आज लुकलुकणारा दिवा उद्या विझणारच नाही. त्याऐवजी इंजिन गरम असताना जुने ऑइल पूर्ण निथळू द्या, फिल्टर बदला, २०डब्ल्यू-५० भरा आणि हजार-दीड हजार किलोमीटरनंतर, किंवा तेवढी गाडी चाललीच नाही तर सहा महिन्यांनी, पुन्हा ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. ऑइलमधले स्वच्छता करणारे घटक गाळ थोडाथोडा धरून ठेवतात आणि तो ऑइलबरोबर बाहेर जातो. त्यानंतर किलोमीटर कितीही कमी झाले तरी वर्षातून एकदा ऑइल बदलाच. थोड्या अंतराच्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही, ज्वलनातून आलेले पाणी आणि पेट्रोलचा अंश ऑइलमध्येच राहतात आणि त्यांतून आम्ले तयार होतात. आठवड्यातून एकदाच गाडी काढणार असाल तर ती निदान अर्धा तास सलग चालवा. पाण्याचा काटा वर आला तरी ऑइल तापायला त्याहून जास्त वेळ लागतो. नुसते उभ्या उभ्या दहा मिनिटे आयडलिंग करणे त्या इंजिनाला हिताचे नाही. काढलेले ऑइल हाताळताना हातमोजे घाला, कारण वापरलेल्या ऑइलमध्ये कर्करोगाला कारण ठरणारी संयुगे असतात. ते गटारात किंवा मातीत न ओतता बंद डब्यात भरून वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्यांकडे द्या.

राहिली मोटारसायकल. मोटारीचे उरलेले ऑइल तिच्यात घालू नका. बहुतेक फोर-स्ट्रोक मोटारसायकलींमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच ऑइलमध्ये भिजतात. मोटारीच्या काही ऑइलमध्ये, विशेषतः इंधन वाचवणाऱ्या पातळ ग्रेडमध्ये, घर्षण कमी करणारे घटक असतात. त्यांमुळे क्लचच्या प्लेटा घसरू लागतात. गाडीचा आवाज वाढतो पण ओढ मिळत नाही, असे त्याचे लक्षण असते. यासाठीच जासो या जपानी मानकात एमए आणि एमए२ या श्रेणी आहेत. ऑइलमध्ये भिजणाऱ्या क्लचला त्या योग्य, तर एमबी ही श्रेणी तसा क्लच नसलेल्या स्कूटरसारख्या गाड्यांसाठी असते. मोटारसायकलच्या मॅन्युअलमधली ग्रेड पाहून, डब्यावर जासो एमए किंवा एमए२ छापलेले असेल तेच घ्या. गिअरचे दाते ऑइलमधले पॉलिमर मोटारीच्या इंजिनापेक्षा लवकर तोडतात, म्हणून तिचे ऑइल बदलण्याचे अंतरही मोटारीइतके लांबवू नका. ती टू-स्ट्रोक असेल तर हे सगळे बाजूला ठेवा : पेट्रोलबरोबर जळणारे ऑइल पूर्ण वेगळे असते, त्यासाठी जासो एफसी किंवा एफडी श्रेणी पाहा, आणि गिअरबॉक्समध्ये कोणते ऑइल घालायचे ते तिच्या मॅन्युअलमध्ये स्वतंत्रपणे दिलेले असेल.